गिअरचा डबा उघडताना

भोर, २४ नोव्हेंबर २००६

अहो,

खातूनचा सलाम. खुशाली विचारत न्हाई. ज्याला आपली खुशाली कळवायची असती त्यानं मोबाईल दुकानाच्या ड्रावरात टाकून, पहाटेच्या अजानआधी, चपला हातात घेऊन घर सोडलं नसतं. चपला हातातच घेतल्या असणार. न्हाईतर मला आवाज आला असता. अठरा वर्षं तुमच्या चपलांचा आवाज ऐकतेय.

हा कागद अल्ताफभाईंच्या हाती देतेय. तुमी कुठं हायत ते त्यांना ठावं हाय, मला न्हाई. नवरा माझा, आणि पत्ता टेम्पोवाल्याला! लई खोदून विचारलं तर म्हणाले, "भाभी, इब्राहीमनं कसम घातलीय, जागा सांगायची न्हाई. चिठ्ठी न्यायची न्हाई असं काय तो बोलला न्हाई." त्यांचा टेम्पो वरंध घाटानं महाडला जातो, म्हंजे तुमी खाली कोकणात कुठंतरी. तेवढं मला समजतंय, मी काय येडी न्हाई.

कुणाला काय सांगितलेलं न्हाई. बाळाबाईनं परड्यातनं हाक मारून विचारलं, "मिस्त्री दिसंनात गं?" म्या म्हणलं, मिरजेला गेलेत, शिलाई मशीनचे सुटे भाग आणायला. तर म्हणते, "पुण्यातले संपले व्हय?" शेजारीण हाय का फौजदार!

माझ्या भावाला, एहसानभाईला, तर कळूच द्यायचं न्हाई. रमजान ईदीला तुमी त्याच्या घरी जे केलंत त्याचा धूर अजून निघतोय. दस्तरखानावर सगळी बसलेली, भाभीनं शीरखुर्म्याची वाटी आणि चमचा तुमच्यापुढं ठेवला, आणि तुमी वाटी हातानं लांब सरकवलीत. "मला नको." ईदीचा शीरखुर्मा! सासुरवाडीत! दुश्मनसुद्धा एक चमचा तोंडाला लावतो. एहसानभाई म्हणाला, आमच्या घरचं हराम वाटतं का तुला? तर तुमी उठून कापूरहोळच्या स्टॉपवर जाऊन उभे. घरी आल्यावर मी जे बोलले ते तुमच्या ध्यानात असंल, परत लिहीत न्हाई. आणि तीन आठवड्यांनी घर सोडलंत.

आता कामाचं. काल पासलीहून सोपानभाऊ आला. तांदळाच्या पोत्यात बंदुका घालून, वर पेंढा. त्याच्या गावाच्या वरच्या अंगाला पुण्याच्या मालकानं तंबू ठोकून खेळ मांडलाय ना, त्यातल्या, ब्याटरीवरच्या. "हापिसातली माणसं मिलिट्रीचे कपडे घालून एकमेकाला प्लास्टिकच्या गोळ्या मारायला एवढ्या लांब येतात," असं तुमीच हसून सांगायचात. सोपानभाऊ म्हणला, मिस्त्री कुठायत? म्या म्हणलं, नमाजला गेलेत. म्हणला, "अकरा वाजता कुठली नमाज, भाभी?" म्या म्हणलं, ठेवा पोतं, सांगते त्यांना.

का ठेवून घेतलं? पोतं परत गेलं की मिस्त्री घरात न्हाई हे आधी वेल्ह्यात कळंल, तिथनं एसटीत बसून भोरात येईल, आणि भोरातनं कापूरहोळला. एहसानभाई दुसऱ्या दिवशी मला न्यायला दारात. बंदुका दुरुस्त होऊन जात राहिल्या, तर तुमी घरात हायत. पेठेला एवढंच पुरतं.

खटक्याच्या वर तो गिअरचा डबा असतो, तो कसा उघडायचा ते कळवा. शिलाई मशीनची दुरुस्ती तुमच्या शेजारी बसून बघत बघत शिकले, हे पण शिकीन.

आणि का गेलात, ते एका ओळीत लिहा. शिवी असली तरी चालंल.

खातून

भोर, १ डिसेंबर २००६

अहो,

निरोप मिळाला, पण उशिरा. तोवर म्या डबा उघडला व्हता. सगळे स्क्रू काढले, बिसमिल्ला म्हणून झाकण उचललं, आणि आतली स्प्रिंग अशी सुटली की पहिली माझ्या कपाळाला, तिथनं फळीवरच्या काचेच्या बरणीला. कपाळाला टेंगूळ आलंय, बरणीचं विचारू नका. तिन्ही गिअर तीन दिशांना. पिस्टन कपाटाखाली. आणि गिअर उलटा फिरू न देणारी ती मागची खिट्टी, तिची केसाएवढी बारीक स्प्रिंग, ती तर पाताळात गेली. जमिनीवर पालथी पडून लोहचुंबक फिरवतेय. बाळाबाई डोकावून म्हणली, "सजदा लई लांबला गं तुझा."

अल्ताफभाईंनी निरोप तोंडीच दिला. म्हणे, "इब्राहीम सांगतो, आधी मागची खिट्टी सोड म्हंजे स्प्रिंग आपोआप झोपते. मग मागच्या भोकातनं डिसमिस घालून स्प्रिंग दाबून धर, आणि मगच झाकण उचल." वर स्वतःचं शहाणपण, "म्हंजे भाभी, गाडी आधी न्यूट्रलला घ्यायची." त्यांना जगातली सगळी यंत्रं टेम्पोच वाटतात.

तसं केलं. झोपली स्प्रिंग. आता आतलं कळायला लागलंय. मोटर तीन गिअर फिरवते, शेवटचा गिअर पिस्टनचे दाते धरून त्याला मागं ओढतो, दाते संपले की सुटतो, आणि स्प्रिंग पिस्टनला पुढं फेकते. पुढं हवा, हवेच्या पुढं गोळी. एवढंच हाय की! तुमी असं तोंड करून बसायचात की जसं काय मंत्रच म्हणताय.

पिस्टनचे दोन दाते झिजले व्हते, तुमच्या सुट्या भागांतला दुसरा बसवला. बरणीच्या काचा झाडल्या तवा खिट्टीची स्प्रिंग पण त्यातच सापडली, अल्लाची मेहेरबानी. सगळं पुसून, मशीनचं तेल घालून, डबा बंद केला. खटका दाबला तर चालली. कट्‌कट्‌कट्‌! मी दुकानात एकटीच ओरडले.

पण तुमी लिहिलं का न्हाई? निरोपाला तोंड हाय आणि कागदाला हात न्हाई? एक ओळ मागितली व्हती. अल्ताफभाई म्हणाले, कागद दिला व्हता, पेन दिलं व्हतं, त्यानं बाजूला ठेवलं. मला खरं सांगा, तितं कुणी हाय का? इतके महिने दुकानाचं दार आतनं लावून बसायचात. माझ्याकडं पाठ करून बसायचात. चहा आणला की "ठेव तितं", माझ्यासमोर कधी प्यायला न्हाईत. माझ्या हातचा चहा कडू लागायला लागला व्हय? बटणाचे सदरे सोडून झब्बे घालायला लागलात. म्या विचारलं, काय हो, कुणासाठी नटताय? तर हसला पण न्हाईत.

असंल कुणी तर तेवढं तरी लिहा. मी मरत न्हाई.

खातून

भोर, ९ डिसेंबर २००६

अहो,

बंदूक परत आली. सोपानभाऊ दारातूनच म्हणला, "भाभी, गोळी बाहेर येतीय आणि माझ्याच पाया पडतीय." वर नळीतनं धूर. म्या डबा उघडला तर मशीनचं तेल आतल्या हवेच्या नळीत उतरलेलं, आणि पिस्टनच्या तोंडावरची रबराची चकती फुगून बोळक्यासारखी झालेली. शिलाई मशीनला जे अमृत, ते हिला जहर. कोण सांगणार मला? मला वाटलं, तेल म्हंजे तेल.

तुमचा निरोप आला: तेल न्हाई, ग्रीस, आणि ते पण नखाएवढं. आणि गिअरच्या खाली-वर पातळ वायसर घालून बघ, गिअर हलला न्हाई पाहिजे आणि अडला न्हाई पाहिजे. बोटानं फिरवायचा आणि कान लावायचा. मी कान लावून बसतेय. जाड वायसर घातला तर रडतो, पातळ घातला तर खडखडतो. मधलं काय ते कुठं सापडतंय! एक वायसर काढते, दुसरा घालते, डबा बंद, डबा उघड. बोटांची सालं गेलीत. पण काल दुपारी एका डब्यात सापडलं. गिअर असा फिरला की आवाजच न्हाई, नुसता फिरतोय. मला लई आनंद झाला हो, आणि सांगायला घरात कुणी न्हाई. बाळाबाईला सांगितलं तर म्हणली, "बरं, आता जेव काहीतरी."

आता ऐका. एहसानभाईला कळलं. कुणी सांगितलं देव जाणे, भोरात भिंतींना कान न्हाईत, तोंडं हायत. काल आला, बसला पण न्हाई. म्हणाला, "मूल न्हाई, बाळ न्हाई, आणि आता नवरा पण न्हाई. कशासाठी बसलीयस हितं?" म्या म्हणलं, ते मिरजेला गेलेत. तर म्हणाला, "खातून, मी तुझा थोरला भाऊ हाय, गिऱ्हाईक न्हाई." मग रडायला लागला, एवढा मोठा माणूस. त्यानं जमातीच्या चार वडीलधाऱ्यांशी बोलून ठेवलंय. बकरी ईदीनंतरच्या पहिल्या जुम्म्याला, म्हंजे ५ जानेवारीला, नमाज झाली की सगळे आपल्या घरी येणार. तुमी हजर असलात आणि का गेलात ते तोंडानं सांगितलंत, तर बोलणी. नसलात तर मी खुला मागायचा, निकाह मोडायचा, आणि त्याच्याबरोबर कापूरहोळला जायचं.

मला जायचं न्हाई. स्वच्छ लिहितेय. तुमच्यावर राग इतका हाय की समोर असतात तर पकड फेकून मारली असती, पण जायचं न्हाई. म्या काय करू ते तरी सांगा. माझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडं शब्दच न्हाईत. ते विचारणार, का गेला? मी काय सांगू? मलाच ठावं न्हाई!

त्या वायसरांचा निरोप एवढा लांबलचक दिलात. माझ्यासाठी एक ओळ न्हाई.

खातून

भोर, १७ डिसेंबर २००६

इब्राहीम मिस्त्री,

आज "अहो" लिहायचं मन न्हाई.

मालकानं सांगितलंय, सगळ्या बंदुकांना जोराच्या स्प्रिंगा बसवा, गोळी लांब जात न्हाई अशी गिऱ्हाइकांची तक्रार हाय. सोपानभाऊ म्हणला, हे काम मिस्त्रींनी दिवाळीच्या आसपास सुरू केलं व्हतं, पण त्या केलेल्या बंदुकांतली एक पण टिकली न्हाई. त्यानं त्याच पोत्यात घालून आणल्या. तुमच्या हातच्या.

उघडल्या. काय हो हे? जोराची स्प्रिंग घातली तर जुना प्लास्टिकचा पिस्टन कसा टिकंल? सगळे दाते सपाट, म्हातारीच्या तोंडासारखे. वायसर तिरके बसून चेपलेले. एका डब्यात खिट्टीची स्प्रिंगच न्हाई. ग्रीस भिंतीला गिलावा करावा तसं थापलेलं. स्क्रूंची तोंडं कुरतडलेली, आणि डब्यावर सगळीकडं डिसमिस घसरल्याचे ओरखडे, मांजरानं नख्या मारल्यासारखे. तीन आठवड्यांपूर्वी शिकायला लागलेली मी, माझ्या हातनं पण असं घाण काम झालेलं न्हाई. लक्ष कुठं व्हतं? कुणाकडं व्हतं? मी तुमची कारागिरी आख्ख्या पेठेत मिरवत व्हते.

एहसानभाई म्हणतो तेच खरं असंल. माणसाचं मन घरातनं गेलं की हातातनं पण जातं.

खातून

भोर, २२ डिसेंबर २००६

अहो,

मागचा कागद फाडून टाका. अल्ताफभाईंना विनवलं व्हतं, अजून दिला नसंल तर परत द्या, ते म्हणाले दिला. फाडून टाका आणि हा वाचा. हा सावकाश वाचा.

सोपानभाऊनं परवा आणखी एक बंदूक आणली. उन्हाळ्यात तुमी केलेली, तेव्हापासून चालतच व्हती, आता नुसती तार जळालीय. म्या तिचा पण डबा उघडला, आणि उघडून बसूनच राहिले. स्क्रूंची तोंडं अजून कोरी. वायसर जागच्या जागी. ग्रीस अत्तराच्या फायासारखं, एवढंसं. तो तुमचा हात. त्याच्या शेजारी म्या दिवाळीच्या डब्यांतला एक ठेवला. मग पावसाळ्यात केलेली एक बंदूक पोत्यात व्हती, ती उघडून मधे ठेवली. तिच्यात ओरखडे थोडेच. एक स्क्रू तेवढा कुरतडलेला.

आळशी माणसाचं काम म्या बघितलंय. आळशी माणूस वायसर घालतच न्हाई. तुमी घातले व्हते, प्रत्येक ठिकाणी, ते बसेनात म्हणून परत काढून परत घातले व्हते. एकेका स्क्रूवर डिसमिस किती वेळा लावला असंल! लावला आणि घसरला, लावला आणि घसरला. तुमच्या डिसमिसच्या मुठीला चिंध्या गुंडाळून जाड केलंय, ते मी रोज हातात घेते. मला वाटायचं घामासाठी असंल.

मग मला सगळंच दिसायला लागलं. सदऱ्याची बटणं. लावता येईनात म्हणून झब्बा. दाढी वाढवलीत तवा एहसानभाईनं सगळ्यांत कौतुक केलं, "दाजी दीनदार झाले", आणि तुमी मान खाली घातलीत. वस्तरा धरवत नव्हता ना? चहाचा कप. दार लावून बसणं. कागद-पेन. आणि ती शीरखुर्म्याची वाटी. भरलेली वाटी, पातळ दूध, बारीक चमचा, आणि समोर माझं सगळं माहेर. तुमी ती सरकवलीत ती उलट्या मुठीनं सरकवलीत, माझ्या डोळ्यांसमोर आता लख्ख हाय.

हात थरथरतायत तुमचे.

अल्ताफभाईंना म्या दारात धरलं. म्हणलं, जागा विचारत न्हाई, फक्त सांगा, त्यांचे हात? ते टेम्पोच्या चाकाकडं बघत म्हणाले, "भाभी, मला कसम हाय." आणि डोळे पुसले. मला कळायचं ते कळलं.

तुमच्या अब्बांचं आठवतंय मला. आपलं लग्न नवीन झालेलं, अब्बांचे हात असेच, अम्मी त्यांना सगळ्यांत बसून भरवायची, आणि शेजारची पोरं ओट्यावर हात हलवून नक्कल करायची. तुमी ताटावरनं उठून मागं परड्यात गेलात. मी पाणी घेऊन आले तर म्हणालात, "माझ्यावर ही पाळी आली तर मी कुणाला बघू देणार न्हाई, उठून जाईन." मी नवी नवरी, मला वाटलं माणूस रागात बोलतोय.

अहो, मला सांगायचं! मला! एवढं तोंडातोंडी भांडलो जन्मभर, मीठ कमी पडलं तरी भांडलो, आणि एवढी मोठी गोष्ट तेवढी गिळून बसलात? माझा जीव कसा जळतोय ते लिहिता येत न्हाई. तुमी दाराआड एकटे त्या स्क्रूशी झगडत व्हतात आणि मी दाराबाहेर कुणा सवतीला शिव्या घालत व्हते.

कुणाला सांगितलेलं न्हाई. सांगणार न्हाई, तुमच्या जिभेनं "सांग" म्हणेपर्यंत. पण या. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू. बरं होतंय का न्हाई ते डॉक्टर बघंल. या मात्र.

खातून

भोर, २८ डिसेंबर २००६

अहो,

अल्ताफभाई आले. निरोप काय, तर "भावाबरोबर जा. सुखात राहशील."

हा निरोप सांगायला तोंड कसं उघडलं त्यांनी, आणि तुमी कसं उघडलंत? ते म्हणाले, इब्राहीम भिंतीकडं तोंड करून बसला व्हता, तसाच बोलला. भिंतीशी बोला, खुशाल बोला! मी भिंत न्हाई. मला असं पाठवायला मी काय तांदळाचं पोतं हाय?

सुखात. कापूरहोळला भाभीच्या चुलीशी, एहसानभाईच्या पोरांचे कपडे शिवत, आणि तुमी कुठल्या तरी वाडीत चहा बशीत सांडत. हे सुख. तुमी माझ्यावर उपकार करताय असं वाटतंय ना? तुमी माझी अम्मीसारखी गत व्हायला नको म्हणून पळालात. पण अम्मीला कुणी कधी विचारलं, तिला काय वाटायचं? मी विचारलं व्हतं. ती म्हणली, "पोरी, सगळे निघून गेले की आमी दोघं हसत जेवायचो." तुमी परड्यात उठून गेलात, तुमाला त्यातलं काय ठावं?

बरं, रडून झालं. काम सांगते, कारण कामाशिवाय तुमचं तोंड उघडत न्हाई.

जोराच्या स्प्रिंगेचं मला जमलं. सोपानभाऊकरवी मालकाकडनं लोखंडी दात्यांचे पिस्टन मागवले. पहिल्या पिस्टनात गिअर अडकला, कारण दुसरा दाता गिअरच्या आड येतो. तो कानशीनं घासून काढला तवा सुटला. हे मला कुणी शिकवलं न्हाई, तुमच्या मोडक्या पिस्टनांनी शिकवलं. सगळ्यांचा तो दाता आधी गेलेला व्हता. तुमी पण त्याच्याशीच झगडत व्हतात ना? मग बघा, तुमचं अर्धं काम म्या पुरं केलं.

पण एक गोष्ट जमत न्हाई. मोटर गिअरला किती टेकवायची, तो मुठीतला खालचा स्क्रू. थोडा घट्ट केला तर किंचाळते, ढिला केला तर घरघरते, आणि मधला सूर मला कळत न्हाई. तुमी डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "हां, आता." मला तो "आता" ऐकू येत न्हाई. एका बंदुकीची मोटर जाळली त्यापायी. सोपानभाऊ काल म्हणला, "भाभी, मिस्त्रींची नमाज लई लांबली." त्याला कधीचं कळलंय. मग म्हणला, "लांबू दे. पासलीत कुणाला सांगायला मी मोकळा न्हाई." आणि जाईबाईनं, त्याच्या बायकोनं, दिलेले तांदूळ ठेवून गेला. परका माणूस हो तो.

तुमचे हात थरथरतात, कान न्हाई थरथरत. डिसमिस मी धरीन, तुमी नुसतं शेजारी बसून सांगा, "आता." पाठ करून बसलात तरी चालंल. मी दुसरं काय मागत न्हाई.

ईद सोमवारी. जुम्मा त्यानंतरचा.

तुमची खातून

भोर, ४ जानेवारी २००७

अहो,

ईद गेली. तुमी आला न्हाईत. दर गाडीला स्टँडकडं बघत व्हते, बाळाबाई म्हणली मान मोडंल. निरोप पण न्हाई. अल्ताफभाई आज दुपारी घाट उतरणार, म्हणून हा शेवटचा. यापुढं लिहून काय उपयोग, उद्या जुम्मा.

उद्या नमाजनंतर एहसानभाई आणि चार वडीलधारी हितं बसणार. ते विचारतील, का गेला? मला ठावं हाय, आणि मी सांगणार न्हाई. तुमची कसम अल्ताफभाई पाळतात तर मी पाळणार न्हाई व्हय? ते म्हणतील, मग खुला माग. मी गप बसले तरी ते मला घेऊन जातील, कारण गप बसलेल्या बाईचं काय चालतं? एवढं सरळ हाय बघा. तुमी दारात दिसलात तर मी राहिले, न्हाई दिसलात तर संध्याकाळच्या एसटीत मी बसलेली असीन, आणि दुकानाला कुलूप.

म्हणून नीट सांगते, उद्या कसं कसं असंल. तुमाला भीती कशाची हाय ते मला कळलंय, आणि म्या त्यावर डोकं चालवलंय.

पुढच्या दारानं या, लपून न्हाई. सलाम करून सतरंजीवर बसा. मुसाफा करायला कुणी हात पुढं केला तर मी त्याच वेळी आतनं जेवायला हाक मारीन. बटणांचं काय न्हाई, झब्बा धुऊन ठेवलाय. का गेलात असं विचारलं तर सांगा, "चूक झाली, आता आलो." तेवढ्यानं एहसानभाई विरघळतो, त्याचा राग दुधासारखा हाय, वर येतो आणि बसतो. बाकीचं कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, सांगायचं का न्हाई, ते तुमी ठरवा. मी विषय काढणार न्हाई.

आणि मी शीरखुर्मा केलाय. बकरी ईदीला कोण करतं, माहिती हाय मला, लोक हसतील तर हसू देत. एहसानभाईच्या घरी तुमी सरकवलेली वाटी अजून तिथंच हाय असं मला रोज वाटतं. ती उद्या आपल्या घरात, त्याच्यासमोर, रिकामी झालेली मला बघायचीय.

घाबरू नका. शीरखुर्मा वाटीत न्हाई, मोठ्या कटोऱ्यांत वाढणार, अर्ध्याला पण भरणार न्हाई. दोन्ही तळव्यांत कटोरा धरायचा आणि तोंडाला लावायचा. सगळ्यांनीच. एहसानभाईनं, चौघा वडीलधाऱ्यांनी, मी पण. तो म्हणंल, खातून, चमचे कुठायत? मी म्हणीन, न्हाईत घरात.

खोटं बोलणार न्हाई. घरातले होते तेवढे चमचे आत्ताच बाळाबाईकडं नेऊन दिले. काय करू म्हणली. म्या म्हणलं, ठेव तुझ्याकडं, आता आमाला लागत न्हाईत.

तुमची खातून